एका बीजाचे मोल : ‘अल्प प्रतिसाद’ या संकल्पनेचा उदय व विकास

इंग्लंडातील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेले जगातील पहिले नलिकाबालक औषधावाचून पक्व झालेल्या एकाच बीजापासून संभवले. पॅट्रिक स्टेप्टो व रॉबर्ट एडवर्ड्स यांनी तत्पूर्वी संप्रेरके देऊन अनेक बीजे मिळविली होती. परंतु त्या मार्गाने यश येईना, म्हणून ते नैसर्गिक ऋतुचक्राकडे वळले. त्या काळी एक बीज मिळणे ही उणीव मानली जात नव्हती.

पुढे चित्र पालटले. रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून काढलेले संप्रेरक वंध्यत्वावर १९६० नंतरच्या दशकातच उपयोगात आले होते. त्याच्या साहाय्याने अमेरिकेतील नॉरफोक येथे हॉवर्ड व जॉर्जियाना जोन्स यांनी १९८१ च्या अखेरीस यश संपादन केले आणि उद्दीपन हाच सर्वमान्य प्रघात ठरला. ज्यांचे बीजकोश या औषधाला पुरेशी दाद देत नाहीत अशा स्त्रियांचे वर्णन १९८३ मध्ये त्याच केंद्रातून प्रसिद्ध झाले. तात्पर्य, ‘अल्प प्रतिसाद’ ही संज्ञा उद्दीपनाच्या पोटी जन्मली.

यावर पहिला उपाय सुचला तो मात्रा वाढविण्याचा. तथापि संप्रेरक नवे बीज निर्माण करीत नाही. त्या महिन्यात एरवी विरून जाणाऱ्या पुटकांना ते वाढविते, इतकेच. मूळ साठाच तुटपुंजा असेल तर मात्रा वाढवून काय साधणार? पुटके कमी असलेल्या स्त्रियांना वाढीव मात्रा दिल्याने जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण वाढत नाही, असे नेदरलँड्समधील २०१७ च्या चाचणीत आढळले. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनेही ३०० एककांपलीकडील मात्रेची, तसेच वृद्धिसंप्रेरकाची शिफारस केली नाही. सौम्य उद्दीपनाने औषधाचा भार व खर्च घटतो. मात्र त्यात हाती येणारी बीजे थोडीच असतात.

दरम्यान व्याख्याही बदलत गेली. २०११ च्या बोलोन्या निकषांत तीन किंवा त्याहून कमी बीजे मिळणे हे एक लक्षण ठरले. २०१६ च्या पोसायडन वर्गीकरणाने मात्र वयाची ३५ वर्षांची सीमारेषा मध्ये आणली. तिशीतील स्त्रीची तीन बीजे आणि बेचाळिशीतील स्त्रीची तीन बीजे संख्येने सारखी असली तरी त्यांचे भवितव्य सारखे नसते. वयाबरोबर गुणसूत्रांतील दोष वाढत जातात.

दात्या स्त्रीचे बीज हा अधिक यशाचा पर्याय होय. परंतु तो स्वीकारताना अपत्याशी असणारे जनुकीय नाते मातेला सोडावे लागते. भारतातील २०२१ च्या अधिनियमाने २३ ते ३५ वर्षे वयाच्या स्त्रीस आयुष्यात एकदाच बीजदानाची मुभा दिली आहे. तिच्याकडून सातांहून अधिक बीजे काढता येत नाहीत.

सारांश, ‘अल्प’ हा शब्द ज्या मापाने ठरला ते माप निसर्गाचे नव्हे, उपचारपद्धतीचे होते. म्हणूनच तो स्त्रीच्या अपयशाचा निवाडा मानता येत नाही. किती बीजे मिळाली याच्याइतकेच ती कोणत्या वयात मिळाली हेही तिला सांगणे वैद्यकाचे कर्तव्य ठरते.