मतदान आणि लेखापरीक्षण : मिहानच्या निमित्ताने संसदीय अर्थनियंत्रणाचा विचार

लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये, हे संसदीय राज्यपद्धतीचे मूलतत्त्व होय. भारतीय राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदान्वये खर्चाच्या मागण्या लोकसभेच्या मतास टाकाव्या लागतात. ११४ व्या अनुच्छेदान्वये विनियोजनाचा कायदा झाल्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही. परंतु सभागृहाचे मत खर्चाचा निर्णय होण्यापूर्वी पडते की तो झाल्यानंतर, या प्रश्नाचे उत्तर केवळ अनुच्छेदांत सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. नागपूरच्या विमानतळालगत सुमारे ४,००० हेक्टरांवर आखलेला मिहान प्रकल्प आणि त्याच नगरात एका शतकापूर्वी घडलेला एक प्रसंग यांच्या तुलनेने या शोधास दिशा मिळते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मध्यप्रांताच्या कायदेमंडळास अंदाजपत्रकातील मागण्यांवर मत देण्याचा अधिकार मिळाला होता. १९२३ च्या निवडणुकीत डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नेतृत्वाखालील स्वराज्य पक्षास तेथे बहुमत लाभले. मार्च १९२४ मध्ये नागपूरच्या या सभागृहाने बहुतेक मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचे वेतन वार्षिक दोन रुपयांवर आणले. त्यावर गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी राखीव खात्यांचा खर्च आपल्या विशेषाधिकाराने पूर्ववत केला व सोपीव खात्यांचा कारभारही स्वतःकडे घेतला. सभागृहास ‘नाही’ म्हणता येत होते. मात्र शेवटचा शब्द त्याचा नव्हता. आज लोकसभेत सरकारच्या धोरणाविषयी असंमती दर्शविणारी कपातसूचना मागणीची रक्कम एका रुपयावर आणण्याची असते. या सांकेतिक भाषेचा एक ठळक प्रयोग नागपूरने त्या वर्षी पाहिला होता.

राज्यघटनेने शेवटचा शब्द सभागृहाच्या स्वाधीन केला. परंतु शब्द हाती आला तरी तो उच्चारण्यास अवधी लागतो. प्रत्यक्षात दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते व उरलेल्या एकत्रितपणे मतास टाकल्या जातात. ही उणीव भरून काढण्याचे काम समित्यांकडे आले. १९२१ पासून चालत आलेल्या लोकलेखा समितीस १९५० पासून घटनात्मक लेखापरीक्षकाच्या अहवालांचा आधार मिळाला. त्याच वर्षी अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या कारकिर्दीत अंदाज समिती स्थापन झाली. १९६४ मध्ये सरकारी उपक्रमांसाठी स्वतंत्र समिती आली आणि १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्यांची व्यवस्था पूर्ण झाली. खर्चावरील देखरेखीचे केंद्र अशा रीतीने मतदानाकडून अहवालाकडे सरकले.

मिहानचा इतिहास या स्थित्यंतराचे फलित दाखवितो. प्रकल्पासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. प्रकल्पातील विशेष आर्थिक क्षेत्राला लागू असणारा केंद्रीय कायदा मे २००५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत अल्पावधीत संमत झाला. वाणिज्यविषयक स्थायी समितीने अशा क्षेत्रांच्या कार्यपद्धतीवर अहवाल दिला तो जून २००७ मध्ये. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल तर २०१४ साली आला. देशभरात अधिसूचित केलेल्या सुमारे ४५,६०० हेक्टरांपैकी सुमारे २८,५०० हेक्टरांवरच कामकाज सुरू झाल्याचे त्यात नमूद होते. ज्या विधेयकाची बारकाईने छाननी सभागृहात व्हावयास हवी होती, त्याची खरी चिकित्सा जमिनी हस्तांतरित झाल्यानंतर झाली.

खर्चाच्या बाबतीत हे अंतर अधिक ठळकपणे दिसते. मिहानमधील विमान-दुरुस्ती केंद्राचा उगम एअर इंडियाच्या विमानखरेदीत आहे. ३० डिसेंबर २००५ रोजी बोइंग कंपनीशी ६८ विमानांचा करार झाला आणि त्याच्या अनुषंगाने त्या कंपनीने दहा कोटी डॉलरचे केंद्र नागपुरास उभारण्याचे मान्य केले. पुढे २०१५ साली ते कार्यान्वित झाले. या खरेदीचा पैसा मुख्यतः कर्जातून उभा राहावयाचा होता. कर्ज कंपनीच्या नावावर होते, म्हणून एवढ्या रकमेची मागणी लोकसभेच्या मतास टाकण्याचा प्रसंग आला नाही. तो आला २००९-१० पासून, भांडवली साहाय्याच्या रूपाने. आणि २०१२ मध्ये तर २०२१ पर्यंत ३०,२३१ कोटी रुपये देण्याची योजना मंजूर झाली. तोवर विमाने घेतली जात होती, व्याज वाढत होते. अशा अवस्थेत मागणी नाकारणे म्हणजे शासनाच्याच मालकीची कंपनी बुडविणे होते. सभागृहाचे मत विधिवत् घेतले गेले; निवड करण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यात फारसे उरले नव्हते.

सप्टेंबर २०११ मध्ये महालेखापरीक्षकांचा नागरी विमानवाहतुकीवरील अहवाल संसदेस सादर झाला. आधीच्या योजनेतील २८ विमानांची संख्या ६८ वर कशी गेली, याची मीमांसा त्यात आहे. करारानंतर ती येण्यास जवळजवळ सहा वर्षे लागली. तथापि तिला निरर्थक म्हणणे अनुचित ठरेल. लोकलेखा समितीपुढे सचिवांना साक्षीसाठी यावे लागते, तिच्या शिफारशींवर केलेल्या कार्यवाहीचा खुलासा शासनास द्यावा लागतो आणि निर्णयाची कारणे नोंदली जातात. अशा नोंदीवाचून नागरिकांस संख्येतील वाढ कळली असती, पण तिचा क्रम कळला नसता.

१९२४ च्या सभागृहास वेळ होती, सत्ता नव्हती. २००५ च्या संसदेस सत्ता होती, पण तिच्या वापराची वेळ निघून गेल्यावर प्रश्न तिच्यासमोर आला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांतील ज्या शेतकऱ्यांची जमीन प्रकल्पासाठी गेली, त्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. अहवाल कितीही परखड असला तरी गेलेले शेत परत येत नाही. म्हणून शासकीय कंपन्यांची मोठी कर्जे व दूरगामी विधेयके निर्णयापूर्वीच समितीपुढे आणणे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष ठरतो. हिशेब मागण्याचा अधिकार मोलाचा खराच. परंतु हिशेब घडण्यापूर्वी विचारणा होण्यातच मतदानाचा मूळ अर्थ आहे.