स्टील गिटारवरील दोन संस्कार

परदेशी वाद्य आपल्या संगीतात शिरू लागले की वाद हा ठरलेलाच. पेटीच्या बाबतीत तो इतका विकोपाला गेला की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवरून तिला हद्दपार केले. मराठी रसिक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून बालगंधर्वांच्या पदांना पायाने भाता चालवायच्या ऑर्गनची साथ तल्लीन होऊन ऐकत आले होते. या वादात दोन्ही पक्षांचे एक गृहीत समान असते. वाद्य हे पूर्ण घडलेले असे येते आणि संगीताने त्याच्याशी जुळवून घ्यायचे की नाही एवढाच प्रश्न उरतो, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत मला चुकीचे वाटते. ते तपासायला पेटीपेक्षा स्टील गिटारचा इतिहास अधिक उपयोगी पडेल. कारण एकाच वाद्याला अमेरिकेने एक वळण दिले, भारताने दुसरे, आणि दोन्हीकडे संगीताने वाद्याला वाकवले आहे.

१८३०च्या सुमारास मेक्सिकोतून हवाई बेटांवर आलेल्या गुराख्यांनी आपल्याबरोबर गिटार आणली. हवाईच्या लोकांनी तिच्या तारा निराळ्या सुरांत लावल्या. आणि शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवण्याची पद्धत रूढ केली. हेलन रॉबर्ट्स यांनी १९२६ साली हवाईच्या संगीतावर ग्रंथ लिहिला. त्यात केकुकूच्या आधी असे वाजवणाऱ्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या माणसाची आठवण नोंदवली आहे. तो जन्माने हिंदुस्थानातला. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेले आणि फिरत फिरत तो होनोलुलूला पोहोचला, असे म्हणत. शार्ङ्गदेवाच्या काळीही एकतंत्री वीणेवर कम्रिका सरकवीत, हे आठवून कोणी लगेच या विद्येचे मूळ आपल्याकडे ओढू लागेल. मी तसे करणार नाही. एका आठवणीवर एवढा भार टाकणे इतिहासलेखकाला शोभत नाही.

कांडीने मींड सहज निघते. अडचण येते ती स्वरमेळाची. कांडी सरळ असते, त्यामुळे तिच्याखालच्या सर्व तारा एकदमच चढतात वा उतरतात. तारा सा-ग-प अशा लावल्या असतील, तर कांडी कोठेही ठेवा, तोच स्वरमेळ निराळ्या उंचीवर मिळणार. कांडी तिरपी धरून थोडेफार साधते, पण थोडेच. ज्यांचे गाणे एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाण्यावर उभे आहे, त्या पाश्चात्त्य वादकांना ही मर्यादा सोसेना. काहींनी वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या दोन-तीन गळ्यांचे वाद्य पुढ्यात घेतले. काहींनी पायाकडे धाव घेतली. १९४०च्या आसपास गिब्सन कंपनीने पेडल दाबून तारांचा सूर बदलणारे वाद्य बाजारात आणले.

तरी पेडल अजून केवळ सोय होती. दोन गतींच्या मधल्या विसाव्यात ते दाबावे आणि नव्या लागणीवर पुढे वाजवावे, एवढेच. बड आयझॅक्सने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या ध्वनिमुद्रिकेत तार वाजत असतानाच पेडल दाबले. १९५४ साली ती मुद्रिका गाजली आणि स्टील गिटारवादकांची झोप उडाली. हा नाद कोणत्याही कांडीतून निघत नव्हता.

तो कसा निघतो हे आपल्या भाषेत सांगतो. प्रचारातल्या दहा तारांच्या लागणीत आधारस्वर षड्ज मानला, तर एक पेडल पंचमाच्या तारा धैवतावर नेते आणि दुसरे गंधाराच्या तारा मध्यमावर. षड्ज जागच्या जागी राहतो. कांडी न हलवता सा-ग-प चे सा-म-ध होते. आणि होताना एक स्वर स्थिर उभा असतो, तर शेजारचे दोन त्याला घासून वर सरकतात. आयझॅक्सच्या वाद्यात हे दोन्ही बदल एकाच पेडलवर होते. बडी एमन्सने ते दोन पेडलांवर वेगळे केले आणि वादकाला मोकळीक दिली. पुढे गुडघ्याने ढकलायच्या दांड्या आल्या. त्यांनी षड्जाची तार शुद्ध निषादावर उतरते किंवा कोमल ऋषभावर चढते. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज लहानमोठा करण्यावर, दोन्ही गुडघे दांड्यांत, एका हातात कांडी, दुसऱ्यात नख्या. एवढे करून सूर नेमका लावायचा तो डोळ्यांनी आणि कानांनीच, कारण कांडीला अडवणारा पडदा नाही! एमन्स पुढे स्वतःच वाद्ये घडवू लागला, याचे मला नवल वाटत नाही. बाजारात मिळणारे वाद्य त्याला हवे तसे गातच नसावे.

पण अमेरिकेतही सर्वांची गरज एक नव्हती. १९३०नंतरच्या दशकात तेथील कृष्णवर्णीयांच्या एका ख्रिस्ती पंथात ट्रोमन ईसनने स्टील गिटार प्रार्थनेत आणली. त्याचा धाकटा भाऊ विली स्वरमेळाच्या फंदात फारसा पडलाच नाही. तो एका तारेवर गाणाऱ्यांच्या गळ्याची आणि प्रवचनकाराच्या आवाजाची नक्कल करी. आपल्याकडे याला गायकी अंग म्हटले असते. त्या देवळांतील पुढच्या पिढीने पेडलचे वाद्य घेतले, तरी त्यातून माणसाच्या गळ्याची हाक काढण्याची ओढ सुटली नाही.

भारतात हे वाद्य हवाईयन वादकांच्या फिरत्या पथकांबरोबर आले. टाऊ मो आणि त्याचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिले, आणि त्या शहरात या गिटारचा छंद घरोघर पसरला. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी तिच्यावर चित्रपटगीते वाजवली व त्यांच्या तबकड्या खपल्या. शास्त्रीय मैफलीत मात्र तिला कोणी बसू देईना. ती पायरी चढले ब्रिजभूषण काब्रा. १९३७ साली जोधपुरात जन्मलेले, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, गुरू अली अकबर खाँ. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका अनेकांच्या घरी आजही सापडेल. संतूर आणि बासरी यांच्याशेजारी गिटार तेथे पाहुण्यासारखी वाटत नाही.

काब्रांपुढचा प्रश्न एमन्सच्या अगदी उलट होता. रागाला दुसरा स्वरमेळ नकोच आहे. षड्ज बदलला तर राग मोडतो. म्हणजे पेडलने जे मिळते त्याची गरज नव्हती, आणि जे हवे होते ती मींड कांडी आधीच देत होती. उणीव होती ती वेगळीच. झाल्याच्या वेळी ताल धरणारी चिकारी हवी आणि स्वर सुटल्यावर मागे रेंगाळणारी आस हवी. काब्रांनी चिकारीची सोय केली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट, रविशंकरांचे शिष्य, यांनी पुढे जाऊन बाजाच्या तीन तारांखाली बारा तरफेच्या तारा ओढल्या आणि वाद्याला मोहनवीणा हे नाव दिले. काब्रांचेच शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी चोवीस तारांची चतुरंगी घडवली. येथे शब्दाची एक मौज सांगावीशी वाटते. यंत्रशास्त्रातल्या दांडीला आपण ‘तरफ’ म्हणतो, आणि न छेडता झंकारणाऱ्या तारेलाही ‘तरफ’च. एकाच गिटारला अमेरिकेने पहिल्या अर्थाची तरफ जोडली, भारताने दुसऱ्या.

नावे बदलून वाद्य स्वदेशी होते असे मात्र नाही, आणि ‘वीणा’ हे नाव तिला द्यावे काय यावर मतभेद राहणारच. मला स्वतःला ‘गिटार’ म्हणण्यात कमीपणा दिसत नाही. काब्रांनीही नाव पालटण्याचा खटाटोप केला नाही. भट्ट यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर याच्याबरोबर केलेल्या मुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ती ऐकताना एक गोष्ट कानाला जाणवते. कूडर बोटात नळी घालून तारांवरून सरकवतो, भट्ट कांडीने. पेडल दोघांच्याही पायाखाली नाही, आणि दोघे भेटतात ते मींडेच्या जागी.