कंधारी, देवणी आणि वंशाचे गणित



मार्गशीर्ष महिन्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तेथील जनावरांच्या बाजारात जाणता शेतकरी खोंडाची शिंगे, वशिंड आणि पाय निरखून पाहतो. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. "याची आई दूध किती देते? याचा बाप कोणत्या गावचा वळू?" असे तो विचारतोच. संततीत आईबापांचे गुण कसे उतरतात, हा आनुवंशिकतेच्या शास्त्राचा मूळ प्रश्न होय, आणि आपल्या मराठवाड्यातील दोन गोवंशांचा इतिहास त्याचे उत्तर समजून घेण्यास फार उपयोगी पडतो.

पहिला वंश लाल कंधारीचा. कंधार ही राष्ट्रकूटकालीन नगरी. या वंशास प्राचीन काळी राजाश्रय होता अशी कथा परंपरेने सांगतात. मात्र राजाज्ञेने कोणताही वंश सिद्ध होत नाही. कंधार, मुखेड, लोहा या भागांतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गडद लाल रंगाचा, काटक व शेतकामास योग्य असा वळू राखला, म्हणूनच हा वंश टिकला. दुसरा वंश देवणीचा. देवणी व उदगीर हा परिसर आज लातूर जिल्ह्यात असला तरी १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. काठेवाडातील गीर, सह्याद्रीकडील डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी देवणी घडली, असे अभ्यासक मानतात. तिचे तीन प्रकार आहेत : अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या, ती वान्नेरा, अंग पांढरे व खालच्या भागी काळे ठिपके, ती बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके, ती शेवेरा.

आता असे पाहा. आईबापांचे रक्त संततीत एकत्र मिसळते, असा समज जगभर रूढ होता. तो खरा असता तर दुधात पाणी मिसळावे त्याप्रमाणे प्रत्येक पिढीत गुण पातळ होत गेले असते. परंतु देवणीचे फुगीर कपाळ व लोंबते कान पाहून गीरची, तर अंगावरील ठिपके पाहून डांगीची आठवण आजही होते. दोन शतकांच्या मिश्रणानंतरही हे गुण पुसले गेले नाहीत ते का?

याचे उत्तर ब्र्यून येथील मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवरून शोधले. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोलच निघाले. सुरकुतलेपणा नष्ट झाला असे कोणासही वाटले असते. पण त्या रोपांपासून झालेल्या पुढील पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे प्रमाण जवळजवळ तिनास एक. गुण विरघळला नव्हता. तो केवळ झाकला गेला होता. प्रत्येक गुणाचे घटक जोडीने असतात. आईकडून एक व बापाकडून एक येतो. आणि प्रभावी घटकापुढे अप्रभावी घटक दिसत नाही, तरी तो पुढे मात्र जातो. १८६६ साली छापलेल्या या निबंधाकडे १९०० पर्यंत विद्वानांचे लक्ष गेले नाही. मेंडेल तर १८८४ मध्येच निवर्तला होता. पुढे या घटकांस जनुके हे नाव मिळाले. ती गुणसूत्रांवर असतात. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४६, तर गाईच्या पेशीत ६०.

अर्थात सर्वच गुण इतके सरळ नाहीत. दूध हे अनेक जनुकांवर आणि तितकेच चारापाण्यावर अवलंबून असते. लाल कंधारी एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध देते. विलायती होल्स्टीन याच्या कितीतरी पट देते. म्हणून संकराकडे वळलेल्या शेतकऱ्यास दोष देता येत नाही. त्यालाही प्रपंच आहे. शिवाय ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज घटली. देशात २०१२ ते २०१९ या काळात विदेशी व संकरित गाईंची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढली आणि देशी गुरे ६ टक्क्यांनी घटली.

येथेच वंशाचे गणित कठोर होते. प्रत्येक पिढीत परका वळू वापरला तर मूळ वंशाचा वाटा पहिल्या पिढीत निम्मा, दुसरीत चतुर्थांश आणि तिसरीत अष्टमांश उरतो. एक पिढी चार-पाच वर्षांची धरली, तर शतकांची निवड पंधरा वर्षांत मावळते. झाकलेला गुण पुन्हा प्रकट होऊ शकतो, हे मेंडेलने दाखविले. पण ज्याचा घटक कळपातल्या एकाही जनावरात उरला नाही, तो गुण पुन्हा कोठून येणार? उन्हाळा सोसण्याची आणि कडब्यावर तग धरण्याची शक्ती अशीच कमावलेली आहे.

तेव्हा संकर करावयाचा असेल तर तो जरूर करावा. परंतु प्रत्येक पंचक्रोशीत काही गाई शुद्ध वंशाच्या वळूकडेच न्याव्यात, आणि कोणत्या गाईस कोणत्या वळूपासून वासरू झाले याची नोंद घरच्या वहीत ठेवावी. माळेगावच्या बाजारात कोणी खोंडाच्या बापाचे गाव विचारले, तर त्यास उत्तर देता आले पाहिजे.