पोळा, तान्हा पोळा आणि मारबत : मुलांसोबत घरी करण्याच्या सोप्या वस्तू

ऑक्टोबरअखेरीस टीव्हीवर हॅलोवीनचे भोपळे आणि भुतांचे मुखवटे दिसू लागले की मुले विचारतात, "आपल्याकडे असं काही नाही का?" आपल्याकडे आहे, आणि ते दोन महिने आधीच होऊन गेलेले असते. बालाघाट परिसरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले नंदीबैल मिरवतात आणि त्याच सकाळी मारबत गावाबाहेर घालवली जाते. इथल्या खेड्यांत तिला नारबोद असेही म्हणतात. या सणांच्या वस्तू मुलांना घरी कशा करता येतील, ते येथे दिले आहे.

तिथी

पोळा पिठोरी अमावस्येला येतो. मराठी पंचांगात ही श्रावण अमावस्या, तर इथल्या हिंदी पंचांगात भाद्रपद अमावस्या असते. दिवस मात्र एकच. दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रतिपदेला, तान्हा पोळा आणि मारबत असते. तयारी आठवडाभर आधी सुरू करावी, कारण पावसाळी हवेत माती आणि लगदा लवकर वाळत नाही.

थोडी पार्श्वभूमी

1867 साली बालाघाट जिल्हा झाला, तो भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या आणि नागपूरच्या चालीरीती जुळतात. लाकडी बैलांचा तान्हा पोळा दुसरे रघूजी भोसले यांनी 1806 मध्ये सुरू केला, असे सांगतात. नागपूरची काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. सोबतचे बडगे त्या वर्षीच्या महागाई-भ्रष्टाचारावर टीका करतात.

या वस्तू करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नंदी घरात राहतो, मारबत घराबाहेर जाते. म्हणून नंदी टिकाऊ करावा आणि मारबत सहज जळेल किंवा मातीत मिसळेल अशी करावी.

1. मातीचा बैल (वय 4 वर्षांपासून)

साहित्य : कुंभाराकडची माती, थोडा बारीक भुसा, काड्या.

माती चाळून भुसा मिसळावा आणि रात्रभर भिजवावी. धड व मान एकाच गोळ्यातून ओढून काढावी, जोडलेली मान वाळताना सुटते. पाय जाड ठेवावेत व आत काडी घालावी. सावलीत तीन-चार दिवस वाळू द्यावा, उन्हात ठेवल्यास तडे जातात. मग गेरू आणि चुन्याने रंगवून वर कापडाच्या तुकड्याची झूल घालावी.

2. चाकांचा पुठ्ठ्याचा नंदी (वय 7 वर्षांपासून)

साहित्य : जुना खोका, बाटलीची चार झाकणे, उदबत्तीच्या दोन काड्या, स्ट्रॉ, डिंक.

बैलाच्या दोन सारख्या आकृत्या कापून लहान खोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवाव्यात. खोक्याखाली स्ट्रॉचे दोन तुकडे चिकटवून त्यांतून काड्या घालाव्यात आणि टोकांना झाकणे बसवावीत. झाकणांना भोक मोठ्यांनीच पाडावे. पुढे सुतळी बांधली की नंदी ओढता येतो. बाशिंग आणि गोंडे आजीकडून करून घ्यावेत. हा नंदी घेऊन मुले शेजारी गेली, तर बोजारा द्यायला विसरू नये.

3. कागदाच्या लगद्याचा मुखवटा (वय 8 वर्षांपासून)

फुगवलेल्या फुग्याच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवाव्यात. चार-पाच थर द्यावेत. पूर्ण वाळल्यावर फुगा फोडून डोळे कापावेत. डोळ्यांची भोके मोठी ठेवावीत, म्हणजे चालताना मूल अडखळत नाही.

4. लहान मारबत (सगळ्या कुटुंबाने मिळून)

साहित्य : दोन वाळक्या काटक्या, धानाची तणस, सुतळी, पळसाची पाने, कोळसा.

काटक्या आडव्या-उभ्या बांधून त्यांवर तणस गुंडाळावी. पळसाच्या मोठ्या पानावर कोळशाने डोळे आणि दात काढून तोंड करावे. प्लास्टिक, थर्माकोल, तेलरंग आणि फटाके वापरू नयेत.

यानंतरचा भाग खरा महत्त्वाचा. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपली ईडापीडा लिहावी : अंधाराची भीती, गणिताचा पेपर, डास, आजोबांची गुडघेदुखी. चिठ्ठ्या मारबतीच्या पोटात खोचाव्यात. कुणा माणसाचे नाव मात्र लिहू नये. घालवायची ती पीडा, माणूस नव्हे. लहान मुले जे एरवी सांगत नाहीत, ते चिठ्ठीत लिहितात, म्हणून मोठ्यांनीही आपली चिठ्ठी लिहावी आणि वाचून दाखवावी.

सकाळी "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी देत ती वस्तीबाहेर न्यावी. मोकळ्या जागी मोठ्यांनी जाळावी, मुलांना दहा पावले दूर ठेवावे आणि जवळ पाण्याची बादली असावी. जागा नसल्यास मातीत पुरावी. वैनगंगेत किंवा नाल्यात टाकू नये.

परगावी आणि परदेशी असलेल्यांसाठी

आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर सलगमाच्या जागी भोपळा आला. जागा बदलली की साहित्य बदलते. पळस मिळाला नाही तर कागदी पिशवीवर तोंड काढावे, तणस नसेल तर वर्तमानपत्र वापरावे. चिठ्ठ्या मात्र मराठीत लिहाव्यात आणि आरोळीही मराठीतच द्यावी.