वेटोळं, जीभ आणि शिवणाची सुई

दीड इंच रुंद तांब्याची पट्टी, लांबी ९३ फूट, वजन १३ पौंड. तिच्यावर रेशमाचे दोन थर चढवायचे आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी ती स्वतःभोवतीच गुंडाळायची, की १६ इंच व्यासाचं सपाट वेटोळं तयार. जोसेफ हेन्रीने १८३८ साली फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे जो निबंध मांडला, त्यात त्याच्या 'कॉइल नंबर १'चं हे वर्णन आहे. हेन्री तेव्हा प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात प्राध्यापक होता. पोरवयात त्याने ऑल्बनी गावात एका घड्याळजीकडे उमेदवारी केली होती, तेव्हा पट्ट्या गुंडाळण्याची सवय हाताला होतीच म्हणायची.

सपाट वेटोळं ही मात्र त्याची कल्पना नव्हे. १८२०मध्ये कोपनहेगनच्या ओर्स्टेडने तारेतल्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं आणि ती बातमी पॅरिसला पोचताच आंपेर झपाटून कामाला लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने विज्ञान अकादमीपुढे दोन सपाट वेटोळी समोरासमोर धरून दाखवली. प्रवाह सोडताच ती लोहचुंबकासारखी एकमेकांना ओढत, नाहीतर ढकलत. लोखंडाचा कणही नसताना चुंबक! पण ते चुंबकत्व वेटोळ्याच्या आसपास कुठे किती आहे, हे मोजायचं कशाने?

हेन्रीजवळ याची उत्तरं होती, आणि त्यातलं पहिलं म्हणजे स्वतःचं शरीर. लांब तारेतला प्रवाह तोडताना ठिणगी उडते हे त्याने १८३२मध्येच प्रसिद्ध केलं होतं. पट्टीचं वेटोळं केलं की ही ठिणगी आणि धक्का दोन्ही वाढतात, हे १८३५च्या निबंधात आलं. पुढे एका वेटोळ्यावर दुसरं धरायचं, खालच्यातला प्रवाह तोडायचा आणि वरच्याची टोकं हातात घ्यायची, असा प्रयोग सुरू झाला. अंतर वाढवत नेलं की धक्का कमी होई. हातांना काही कळेनासं झालं की टोकं जिभेला लावायची. आजच्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं तर त्याला बाहेर काढतील, पण त्या काळी जीभ हे खरोखरच एक नाजूक उपकरण होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा चार्ल्स ग्राफ्टन पेज तर त्याच्याही पुढे गेला. त्याने २२० फूट पट्टीचं वेटोळं केलं, जागोजागी पाऱ्याच्या वाट्या जोडल्या आणि धक्का जास्त जाणवावा म्हणून चक्क ॲक्युपंक्चरच्या सुया वापरल्या.

शरीर धक्का सांगतं, दिशा सांगत नाही. त्यासाठी हेन्रीने घेतली शिवणाची सुई. बारीक तारेची, सुई जेमतेम आत जाईल एवढीच पोकळ गुंडाळी करायची, तिची टोकं वेटोळ्याला जोडायची आणि चुंबकत्व नसलेली पोलादी सुई आत सरकवायची. प्रवाह क्षणभर वाहून गेला तरी पोलाद त्याची खूण धरून ठेवतं. सुई बाहेर काढून होकायंत्राजवळ नेली, की तिचं टोक उत्तर ध्रुव झालं की दक्षिण ते कळे, आणि त्यावरून प्रवाह कोणत्या बाजूने गेला तेही. पुढच्या खेपेला पुन्हा कोरी सुई. पद्धत साधी, पण क्षणात येऊन जाणारा प्रवाह पकडायला याहून भरवशाचं साधन त्या काळी क्वचितच होतं.

सपाट आकाराचा फायदा इथे झाला. दोन वेटोळ्यांच्या मधल्या फटीत काहीही सरकवता येई. हेन्रीने धातूचा पत्रा सरकवला आणि धक्का जवळजवळ नाहीसा झाला. मग त्याने शिशाच्या गोल पत्र्याचा तुकडा मध्यापासून कडेपर्यंत कापून काढला, तर धक्का परत आला! पत्र्यात गोल फिरणारा प्रवाहच आड येत होता आणि काप दिल्यावर त्याची वाट तुटत होती. हेन्रीच्या साऱ्या प्रयोगांत हा सर्वांत देखणा म्हणावा लागेल. आपल्या इंडक्शन शेगडीच्या काचेखाली असंच सपाट वेटोळं असतं, आणि भांड्याच्या बुडात फिरणारा तोच प्रवाह भात शिजवतो.

सुईने मात्र एका ठिकाणी दगा दिला. लायडन जारची, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीची, ठिणगी गुंडाळीतून सोडली की सुई कधी सुलट, तर कधी उलट चुंबकित होई. फ्रान्समध्ये साव्हारीला १८२६च्या सुमारास हेच दिसलं होतं. सुया वाईट निघाल्या म्हणून गप्प बसणं सोपं होतं. हेन्रीने १८४२मध्ये निष्कर्ष काढला की ठिणगीतला प्रवाह एकाच दिशेने जातच नाही. तो पुढेमागे हेलकावे घेत विरतो आणि शेवटचा जोरदार हेलकावा सुईवर आपली खूण ठेवतो. त्याच सुमारास वरच्या खोलीतल्या एका ठिणगीने ३० फूट खाली तळघरातल्या सुया चुंबकित झाल्या. मध्ये प्रत्येकी १४ इंच जाडीच्या दोन तक्तपोशी होत्या. घराच्या पत्र्याच्या छताला तार जोडल्यावर सात-आठ मैलांवरच्या विजेनेही सुईवर परिणाम केला. रेडिओचा शोध अजून अर्ध्या शतकावर होता.

आकडा मिळायला बराच काळ गेला. १८८०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ लेनार्डने बिस्मथच्या तारेचं सपाट वेटोळं केलं. चुंबकीय क्षेत्रात बिस्मथचा विद्युतरोध वाढतो, तेव्हा रोध मोजला की क्षेत्र कळे. म्हणजे ज्याचं क्षेत्र मोजायचं तोच आकार आता मोजपट्टी झाला. पण ही मोजपट्टी बलवान विद्युतचुंबकांच्याच कामाची. हेन्रीच्या वेटोळ्याभोवतीचं दुबळं क्षेत्र तिच्या हाती लागणारं नव्हतं.

 

दुबळ्या क्षेत्रांचा प्रश्न सुटला तो एडविन हॉलने १८७९मध्ये बाल्टिमोरला सोन्याच्या पातळ वर्खावर पाहिलेल्या परिणामातून. पण सेमीकंडक्टर येईपर्यंत त्याला फारसं कुणी कामाला लावलं नाही. अनेक मोबाइलमधलं होकायंत्र आज त्यावरच चालतं. या परिणामावर चालणारा मापक, म्हणजे हॉल प्रोब, सपाट वेटोळ्यावरून फिरवला तर क्षेत्राचा आकार स्वच्छ दिसतो. मध्यभागी ते जोरदार आणि सरळ उभं, वेढ्यांवर आलं की आडवं कलतं, आणि बाहेरच्या कडेपलीकडे त्याची दिशा थेट उलटी होते.

हेन्री १८७८मध्ये वारला. १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने स्वप्रेरणाच्या, म्हणजे प्रवाह तोडताना ठिणगी उडवणाऱ्या त्याच गुणधर्माच्या, एककाला त्याचं नाव दिलं. मोबाइलच्या वायरलेस चार्जरमधली सपाट कॉइल याच एककात, मायक्रोहेन्रीत, मोजतात.