अस्वलासाठी ठासलेली बंदूक

अमेरिकन इंग्रजीतल्या ‘लोडेड फॉर बेअर’ या वाक्प्रचाराचे भाषांतर ‘जय्यत तयारीनिशी’ असे सर्रास केले जाते. अर्थ चुकत नाही, अर्धा निसटतो. जय्यत तयारी लग्नाचीही असते, संमेलनाचीही. इथे मात्र समोर प्रतिपक्ष लागतो, आणि तोही लहानसहान नव्हे.

वाक्प्रचाराचे मूळ ठासणीच्या बंदुकीत आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी बसवायची, गजाने ठासायची. एकदा ठासलेला बार सहजी काढता येत नसे आणि पुन्हा भरायला वेळ लागे. त्यामुळे खारीसाठी ठासायची की अस्वलासाठी, हे रानात शिरण्यापूर्वीच ठरवावे लागे. खारीपुरता बार अस्वलावर उडवणे म्हणजे त्याला नुसते डिवचणे.

मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेला हे अनुभवाने कळले. मिसुरी नदीवरून जाताना १३ एप्रिल १८०५ रोजी लुईस नोंदवतो, की तिथले मूळ रहिवासी ग्रिझली अस्वलावर सहा, आठ, दहा जणांच्या टोळीनेच चालून जातात. निघण्यापूर्वी अंग रंगवून, शेजारच्या जमातीशी युद्ध करण्याआधीचे सारे विधी करतात. लुईसच्या लेखी ही अंधश्रद्धा. २९ एप्रिलला एक ग्रिझली मारल्यावर तर त्याला वाटले, धनुष्यबाण आणि सुमार बंदुकावाल्यांनी खुशाल भ्यावे. कुशल नेमबाजाला त्याचे एवढे भय नाही. सहाच दिवसांनी, ५ मे रोजी, क्लार्क आणि द्रुइयार यांनी एका अस्वलाला दहा गोळ्या घातल्या. त्यांतल्या पाच फुप्फुसांतून गेल्या. तरीही ते अर्ध्याहून अधिक नदी पोहून वाळूच्या दांड्यावर गेले आणि वीसेक मिनिटे जगले. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत लुईस कबूल करतो, की या प्राण्याविषयीचे आपल्या मंडळींचे कुतूहल आता बरेचसे फिटले आहे!

शत्रूच्या वजनाने तयारी जोखण्याची ही रीत त्या रंगवलेल्या अंगांना आधीच ठाऊक होती. ज्या विधींना लुईस हसला, त्यांत या वाक्प्रचाराचा आशय अधिक नेमका होता, असे मला वाटते.

आज अमेरिकेत एखादा वकील किंवा सिनेटर ‘लोडेड फॉर बेअर’ येतो, तेव्हा न बोलताच समोरच्याचे श्वापद होते. आपल्या ‘कंबर कसणे’मध्ये नजर स्वतःच्या देहावर असते, प्रतिपक्ष तिथे अध्याहृतच राहतो. ‘पदर खोचून’ भांडायला येणारी बाई त्यापेक्षा जवळची, पण तिच्या हाती दारूगोळा नाही. कथेच्या अनुवादात मी तरी ‘तुटून पडायच्या तयारीनेच आला होता’ असे लिहीन आणि अस्वल गमावल्याची चुटपुट सोसेन.