वेस्ट पॉइंटचा १९५१ चा फुटबॉल हंगाम आणि त्याआधीची परीक्षा

एकाच विषयाची चाचणी दोन तुकड्यांना दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यायची आणि दोन्ही दिवशी प्रश्न तेच ठेवायचे, तर काय होईल, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या तुकडीला प्रश्न आदल्या रात्रीच कळतात. अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, म्हणजे वेस्ट पॉइंटला, नेमके हेच झाले. त्याचा हिशोब मात्र लोकांनी फुटबॉलच्या मैदानावर पाहिला.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी असलेली ही अकादमी १८०२ सालची. तुमच्यापैकी जे अभियांत्रिकीला आहेत त्यांना हे माहीत असावे की, सुरुवातीच्या काळात अमेरिकेत अभियंते घडवण्याचे मुख्य ठिकाण हेच होते. १८१७ ते १८३३ या काळात सिल्व्हेनस थेयर तिथे प्रमुख होते. लहान तुकड्या, रोजचा पाठ आणि रोजचे गुण ही पद्धत त्यांनी बसवली आणि ती पुढे शंभर वर्षांहून अधिक टिकली. तिच्या जोडीला सन्मानसंहिता होती : कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि दुसऱ्याने असे काही केल्याचे कळले तर गप्प बसणार नाही. या भरवशावरच एका रेजिमेंटला आज दिलेले प्रश्न दुसऱ्या रेजिमेंटला उद्या दिले जात.

आता खेळाकडे वळू. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा असतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीपलीकडे नेला की टचडाउनचे ६ गुण मिळतात. तिथे महाविद्यालयीन सामने पाहायला हजारोंची गर्दी लोटते. अर्ल ब्लेक १९४१ मध्ये वेस्ट पॉइंटचे प्रशिक्षक झाले. ते स्वतः याच अकादमीचे विद्यार्थी. त्यांचा संघ १९४४ आणि १९४५ मध्ये एकही सामना हरला नाही. १९४६ मध्येही हरला नाही, फक्त नोटर डेमविरुद्धचा सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. हाइझमन हा महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. तो १९४५ मध्ये डॉक ब्लँचर्डला आणि १९४६ मध्ये ग्लेन डेव्हिसला मिळाला. दोघेही ब्लेक यांच्याच संघातले. १९५० मध्येही फक्त नौदलाविरुद्धचा शेवटचा सामना हातचा गेला.

पण कॅडेटचा दिवस चोवीस तासांचाच. कवायत, वर्ग, रोजची चाचणी आणि वर फुटबॉलचा कसून सराव. मागे पडणाऱ्या खेळाडूंना शिकवायला अभ्यासात पुढे असलेले कॅडेट असत. सोय चांगलीच होती, पण या शिकवणीत हळूहळू ‘हे प्रकरण नीट कर’ याऐवजी ‘हा प्रश्न येणार आहे’ असे सांगितले जाऊ लागले. १९५१ च्या वसंत ऋतूत ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर गेली आणि चौकशी सुरू झाली. शिक्षेचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या समितीत लर्नेड हँड यांच्यासारखे नामवंत न्यायाधीश होते. ३ ऑगस्टला अकादमीने जाहीर केले : सुमारे ९० कॅडेट बाहेर. त्यांत तीसहून अधिक फुटबॉलपटू होते आणि क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, बॉब ब्लेकही होता. तो प्रशिक्षकांचा मुलगा. काहींनी स्वतः प्रश्न घेतले नव्हते, फक्त ठाऊक असून सांगितले नव्हते. त्यांनाही जावे लागले.

ब्लेक राजीनामा द्यायच्या विचारात होते. सल्ल्यासाठी ते जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्याकडे गेले. मॅकआर्थर यांनाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी कोरियन युद्धाच्या सेनापतिपदावरून दूर केले होते. त्यांनी सांगितले, चहूबाजूंनी मारा होत असताना जागा सोडू नका. ब्लेक थांबले.

सप्टेंबरात मैदानात उतरली ती बहुतेक नवखी पोरे. पहिलाच सामना व्हिलानोव्हाने २१-७ असा जिंकला. हार्वर्डविरुद्ध एका गुणाने हार झाली. कोलंबियाला हरवून हंगामातला पहिला विजय मिळेपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता. शेवटी १ डिसेंबरला नौदलाशी गाठ पडली. नौदलाचा हंगामही काही बरा चालला नव्हता, तरी त्यांनी ४२-७ असे लोळवले. नऊ सामने, दोन विजय, सात पराभव. ब्लेक यांच्या वेस्ट पॉइंटमधल्या अठरा हंगामांतला हा एकमेव पराभूत हंगाम.

या घटनेकडे ‘खेळामुळे शिक्षण बिघडले’ असे पाहायची सवय आहे. ते अर्धेच खरे आहे. बाहेर गेलेल्यांत निम्म्याहून अधिक कॅडेट फुटबॉलपटू नव्हते. प्रश्नपत्रिका काढणारा माणूस म्हणून माझी नजर आधी प्रश्नपत्रिकेवर जाते. दुसऱ्या दिवसासाठी वेगळे प्रश्न काढायला लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि तो वाचवून सगळा भार एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या शब्दावर टाकला होता. शिवाय मित्राचे नाव सांगण्याची अपेक्षाही त्यांच्याकडूनच. मुलांनी फसवले हे खरेच, आणि शिक्षा झाली याबद्दल माझी तक्रार नाही. पण पेपर तसा कुणी ठेवला, हे विचारायला तुम्ही कचरू नका.

संघ पुढे सावरला. त्या पडत्या काळात ब्लेक यांच्या हाताखाली व्हिन्स लोम्बार्डी नावाचे सहायक होते. आज सुपर बोलच्या विजेत्यांना मिळतो तो चषक त्यांच्याच नावाचा. १९५३ मध्ये सात विजय, एक बरोबरी आणि एकच पराभव अशी मजल गेली. १९५८ चा हंगाम एकही सामना न गमावता संपवून ब्लेक निवृत्त झाले.

परीक्षेचे मात्र तसे झाले नाही. १९७६ मध्ये वेस्ट पॉइंटला पुन्हा असेच प्रकरण उघड झाले आणि सुमारे दीडशे कॅडेटना जावे लागले. या वेळी फुटबॉलचा संबंध नव्हता. विषय होता विद्युत अभियांत्रिकी, आणि प्रश्न खोलीवर नेऊन एकट्याने सोडवायला दिलेले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना नंतर परत येण्याची मुभा मिळाली. १९५१ च्या मुलांना ती मिळाली नव्हती.